रास लफान ते दहेज : चार वेळा लिहिलेला करार

31 जुलै 1999 रोजी पेट्रोनेट एलएनजी लिमिटेडने कतारच्या रासगॅस कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार केला. वर्षाला 75 लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू घ्यायचा, त्यातला 50 लाख टन गुजरातेत दहेजला आणि 25 लाख टन केरळात कोचीला उतरवायचा, असे ठरले. त्या दिवशी पेट्रोनेटचे वय जेमतेम सव्वा वर्ष होते. दहेजला टर्मिनल नव्हते, कोचीला तर जागेपासून तयारी होती. वायू आणायला जहाज नव्हते, आणि भारतात एलएनजीचे जहाज चालवलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पलीकडे रासगॅसकडेही हा वायू द्रवरूप करणारे संयंत्र अजून उभे राहायचे होते. कारगिलची लढाई नुकतीच आटोपली होती, दिल्लीत काळजीवाहू सरकार होते आणि निवडणुका तोंडावर आल्या होत्या. अशा मुहूर्तावर कोणी पाव शतकाचा सौदा करत नाही. पेट्रोनेटने केला.

त्यामागची निकड मात्र खरी होती. मुंबई हायच्या समुद्रातला वायू हजीराला आणून तिथून विजयपूर आणि जगदीशपूरपर्यंत नेणारी ‘एचव्हीजे’ वाहिनी गेलने ऐंशीच्या दशकात टाकली. तिच्या काठाने खतांचे कारखाने आणि वीजकेंद्रे उभी राहिली. दहा वर्षांत चित्र उलटे झाले. गिऱ्हाईक वाढले आणि वायू पुरेना. वायू आयात करायचा तर दोनच वाटा होत्या. एक समुद्राखालून किंवा पाकिस्तानातून वाहिनी, दुसरी जहाज. पहिलीवर चर्चा खूप झाली, वाहिनी काही आली नाही. दुसरीसाठी नव्वदच्या दशकात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर इतकी टर्मिनल्स जाहीर झाली, की सगळी उभी राहिली असती तर मच्छीमारांना होड्या लावायला जागा उरली नसती. प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली.

पेट्रोनेटची बांधणीच वेगळी होती. गेल, ओएनजीसी, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम या चार सरकारी कंपन्यांनी प्रत्येकी साडेबारा टक्के भाग घेतला. म्हणजे सरकारी मालकी पन्नास टक्क्यांवर अडली आणि कायद्याच्या लेखी कंपनी सरकारी ठरली नाही. निविदा आणि नेमणुकांच्या लाल फितीतून त्यामुळे तिची सुटका झाली. तरी अध्यक्षपदी पेट्रोलियम सचिव, त्यामुळे सरकारचा हात डोक्यावर होताच. फ्रान्सच्या गाझ द फ्रान्सने दहा टक्के भाग आणि एलएनजीचा जुना अनुभव आणला, आशियाई विकास बँकही पुढे आली. हे दोघे काही वर्षांनी बाहेर पडले. चार प्रवर्तक एरवी एकमेकांचे स्पर्धक, पण इथे त्यातले तिघे मालकही होते आणि गिऱ्हाईकही. आलेल्या वायूपैकी 60 टक्के गेलने, 30 टक्के इंडियन ऑइलने आणि 10 टक्के भारत पेट्रोलियमने उचलायचा. पेट्रोनेटची कमाई वायूच्या किमतीवर नाही, तर तो उतरवून, साठवून, पुन्हा वायुरूप करून देण्याच्या आकारावर. हा तपशील रुक्ष वाटला तरी पुढच्या साऱ्या नाट्याची किल्ली त्यात आहे.

कतारचीही गरज तितकीच मोठी होती. त्यांच्या समुद्रातले ‘नॉर्थ फील्ड’ हे वायूक्षेत्र 1971मध्ये शेलला सापडले तेव्हा कोणाला फारसा आनंद झाला नव्हता, कारण शोध तेलाचा होता. निव्वळ वायूचे जगातले हे सर्वांत मोठे क्षेत्र, आणि त्याचा पलीकडचा भाग इराणच्या हद्दीत. वायू विकायचा तर तो उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करायचा. मग सहाशे घनमीटरचा ऐवज एका घनमीटरात मावतो. दोहाच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर रास लफान हे बंदर या एका कामासाठी उभे राहिले. कतारचा पहिला एलएनजी जपानला गेला 1996-97च्या सुमारास, रासगॅसचा पहिला कोरियाला 1999मध्ये. दोन्ही गिऱ्हाइके श्रीमंत पण दूरची. भारत समोरच्या किनाऱ्यावर, तीन-चार दिवसांच्या अंतरावर होता. फक्त त्याच्या खिशाचा भरवसा नव्हता.

भरवसा नसण्याचे कारण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच घडत होते. दाभोळला एन्रॉनने वीजप्रकल्प आणि त्याला जोडून एलएनजी टर्मिनल आखले होते, वायू ओमान आणि अबू धाबीहून यायचा होता. पहिला टप्पा 1999मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला, वीज महाग पडली, राज्य वीज मंडळाने बिले थकवली आणि 2001मध्ये सारे ठप्प झाले. टर्मिनल अर्धवट राहिले, पुरवठ्याचे करार वाऱ्यावर गेले. आखाती विक्रेत्यांनी त्यातून भारताविषयी जो बोध घ्यायचा तो घेतला असणार. दाभोळमध्ये एकाच कंपनीने वायू आणायचा, त्याची वीज करायची आणि ती एकाच मंडळाच्या गळ्यात घालायची, असा घाट होता. मंडळ कोसळले की सगळी साखळी कोसळणार हे उघड होते. दहेजचा वायू मात्र एचव्हीजेच्या काठच्या शेकडो कारखान्यांत विभागला जाणार होता. एकाने नाही घेतला तर दुसरा घेईल, हा त्यातला हिशेब.

आता किमतीचे सूत्र पाहू. मूळ करारात ते एका ओळीचे होते. जपान आयात करत असलेल्या कच्च्या तेलाची सरासरी किंमत घ्यायची, तिला 15ने भागायचे आणि 1.90 डॉलरने गुणायचे. येईल तो आकडा म्हणजे एका एमएमबीटीयूची, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट उष्णतेची, रास लफानच्या धक्क्यावरची किंमत. तेल 15 डॉलर पिंप असेल तर वायू 1.90 डॉलर. 1999च्या आसपास हे गणित झकास दिसत होते, कारण त्याआधीच्या वर्षी तेल पार घसरले होते. पण 2003 उजाडेतो इराकवर हल्ला होऊन तेल तिशीला टेकले. दहेजचे टर्मिनल पुरे होत आले होते आणि खतकारखाने म्हणू लागले, की या भावाने वायू आम्हाला नको.

त्या वेळी पेट्रोलियम खाते होते उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक यांच्याकडे. कतारचे ऊर्जामंत्री अब्दुल्ला बिन हमद अल अतिया. पहिला घोट घेण्याआधीच करार दुसऱ्यांदा लिहायला बसावे लागले. ठरले असे : 2008 संपेपर्यंत तेल 20 डॉलरच आहे असे दोघांनी मानायचे. 20 भागिले 15 गुणिले 1.90, म्हणजे 2.53 डॉलर. पाच वर्षे हा भाव हलायचा नाही. 2009पासून तो टप्प्याटप्प्याने खऱ्या तेलाच्या किमतीकडे सरकायचा, आणि झटके बसू नयेत म्हणून मागच्या साठ महिन्यांची सरासरी धरायची.

मागे वळून पाहता हा भारताच्या पदरी पडलेला फार मोठा लाभ होता. जुलै 2008मध्ये तेलाने 140 डॉलर ओलांडले. मूळ सूत्र चालू असते तर वायूचा भाव 17-18 डॉलर झाला असता. दहेजला तो 2.53च्या हिशेबानेच येत होता. कतारने हे निमूट पाळले. त्यात औदार्याचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. नॉर्थ फील्डच्या वायूबरोबर हलके तेलही निघते आणि त्या विक्रीतून उत्पादनाचा बराच खर्च भागतो, त्यामुळे कतारला स्वस्त वायू परवडत होता. शिवाय या करारासाठी बांधलेले रासगॅसचे तिसरे संयंत्र, वर्षाला 47 लाख टनांचे, त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या संयंत्रांत मोडत होते. ते रिकामे ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

जानेवारी 2004च्या अखेरीस ‘दिशा’ हे जहाज पहिला माल घेऊन दहेजला आले. फेब्रुवारीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी टर्मिनल राष्ट्राला अर्पण केले. मार्चमध्ये पेट्रोनेटचा शेअर 15 रुपयांना बाजारात आला.

दिशा कोरियाच्या देवू गोदीत बांधले गेले, 1,38,000 घनमीटर क्षमतेचे. मालकी जपानच्या तीन बड्या जहाज कंपन्या आणि मुंबईची शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया यांच्या गटाची, आणि पेट्रोनेटने ते पंचवीस वर्षांच्या भाड्याने घेतले. पुढे अशी जहाजे चालवण्याचे कामही शिपिंग कॉर्पोरेशनकडेच आले, आणि नरिमन पॉइंटच्या कचेरीतून भारतीय दर्यावर्दींच्या एका पिढीला या अतिथंड मालाची सवय झाली. वर्षअखेरीस ‘राही’ हे जुळे जहाज आले. एका खेपेत साधारण 62 हजार टन वायू. म्हणजे 50 लाख टनांसाठी वर्षाला 80 खेपा. दोन जहाजांत त्या वाटल्या की प्रत्येकाला नऊ दिवसांत जाऊन, भरून, येऊन, रिते होऊन पुन्हा निघावे लागते. चुकायला जागा नाही. टाकीत कितीही बंदोबस्त केला तरी थोडा वायू उकळत राहतोच. तो वाया न घालवता जहाजाच्या बॉयलरमध्ये जाळतात, त्या वाफेवर जहाज चालते. परतताना टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाशी थोडा द्रव ठेवतात, म्हणजे टाकी थंड राहते आणि रास लफानला पोचताच भरता येते. कोमट टाकीत उणे 162 अंशांचा द्रव ओतला तर पोलाद तडकते.

दहेजची जागाही सोपी नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीला पाणी कित्येक मीटर चढते-उतरते आणि प्रवाहाला ओढ जबर. म्हणून जेटी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरहून जास्त आत नेली आहे. जहाज लागते ते भरतीची वेळ पाहून. उतरवण्याच्या अजस्र भुजा जहाजाच्या नळ्यांना जोडल्या, की त्या आधी हळूहळू थंड करतात आणि मगच पूर्ण वेगाने पंप सोडतात. टाक्यांतून काढलेला द्रव पुन्हा वायू झाला की वाहिनीत जातो. इतके सगळे होऊन तो उत्तर प्रदेशातल्या एखाद्या खतकारखान्यात युरियाच्या गोणीत शिरतो, तेव्हा त्याचे कतारपण कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाहिनी दक्षिणेलाही वळली. दहेज-उरण मार्गाने 2007पासून हा वायू महाराष्ट्रात येऊ लागला, आणि बंद पडलेले दाभोळचे वीजकेंद्र नव्या मालकीत पुन्हा फिरू लागले. शेजारी अर्धवट टर्मिनल पडलेले असताना दाभोळला वायू येत होता तो गुजरातेत उतरून, शेकडो किलोमीटर जमिनीखालून. दाभोळच्या टर्मिनलला जहाज लागले ते 2013मध्ये, आणि पुढे बरीच वर्षे लाटा अडवणारा बांध नसल्याने पावसाळ्यात बंदच राहिले.

दहेजची क्षमता 2009मध्ये दुप्पट होऊन एक कोटी टनांवर गेली, 2016मध्ये दीड कोटीवर, 2019मध्ये पावणेदोन कोटीवर. कोचीचे टर्मिनल रखडल्याने तिथला 25 लाख टनांचा वाटाही दहेजलाच उतरू लागला. ‘असीम’ हे तिसरे जहाज त्याच सुमारास दाखल झाले. कोची 2013मध्ये सुरू झाले खरे, पण मंगळूरपर्यंतची वाहिनी पुरी व्हायला 2021 उजाडावे लागले. तोवर कोट्यवधींचे टर्मिनल जवळजवळ रिकामे बसले. याच काळात इराणशी जून 2005मध्ये झालेला 50 लाख टनांचा करार कागदावरच विरला. तेल भडकल्यावर इराणला ठरलेला भाव परवडेना. कतारचा वायू मात्र नऊ-नऊ दिवसांच्या फेऱ्यांनी येतच होता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू 2009मध्ये धो धो आला तेव्हा आयातीची गरज संपणार असे बोलले जाऊ लागले. दोन-तीन वर्षांत त्या विहिरी ओसरल्या आणि बोलणेही थांबले.

खरी कसोटी लागली 2014-15मध्ये. पाच वर्षांचे सरकते टप्पे संपून भाव आता पूर्णपणे साठ महिन्यांच्या सरासरीवर आला होता. तेल वर्षानुवर्षे शंभरच्या आसपास राहिल्याने सूत्राचे उत्तर 12-13 डॉलर येत होते. (100 भागिले 15 गुणिले 1.90 करून पाहा, 12.67.) आणि नेमके तेव्हाच तेल कोसळले. दीडेक वर्षात ते पन्नासच्याही खाली गेले. तात्काळ सौद्यांच्या बाजारात एलएनजी 6-7 डॉलरला मिळू लागला. करारातला भाव मात्र उतरेना, कारण सरासरीच्या पोटात जुने महाग महिने ठाण मांडून बसले होते. चूल विझली तरी तवा तापलेलाच राहावा तसे. भाव झटक्याने चढू नये म्हणून 2003मध्ये घातलेली साठ महिन्यांची अट आता तो झटक्याने उतरू देत नव्हती.

गिऱ्हाइकांनी तोंड फिरवले. बाजारात निम्म्या भावाने मिळते ते दुप्पट देऊन कोण घेणार? गेल, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम यांच्याकडे उचल घटली आणि 2015मध्ये पेट्रोनेटने ठरलेल्या मालापैकी 68 टक्केच उचलला. इथे करारातली ‘टेक ऑर पे’ची अट आडवी आली : माल घ्या, नाहीतर न घेतलेल्याचेही पैसे भरा. दंडाचा आकडा 12,000 कोटी रुपयांवर गेला. कागदोपत्री पेट्रोनेट सुरक्षित होती, तिन्ही खरेदीदारांनी तशाच अटी तिच्याशी केल्या होत्या आणि दंड त्यांच्या माथी मारता आला असता. पण ज्या तिघांकडून वसूल करायचे तेच मालक. आणि त्यांनी तो पुढे कोणाकडून घ्यायचा? खतकारखान्यांकडून? तिथे पैसे देणारे शेवटी सरकारच.

रासगॅसपुढे सोपा मार्ग होता. लवादात जायचे, कागद दाखवायचा आणि जिंकायचे. ते जिंकले असते, यात फारशी शंका नाही. पण जिंकून हाती काय लागते? ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतून नवा एलएनजी बाजारात येऊ घातला होता, आणि दहेज हा जगातला सर्वांत गजबजलेला धक्का होण्याच्या वाटेवर होता. पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या पातळीवर आणि कंपन्यांच्या पातळीवर महिनोन्‌महिने बोलणी झाली. 31 डिसेंबर 2015 रोजी करार तिसऱ्यांदा लिहिला गेला. जपानी आयातीऐवजी ब्रेंट तेल, आणि साठ महिन्यांऐवजी तीन महिन्यांची सरासरी. भाव जवळपास निम्म्यावर आला. 12,000 कोटींचा दंड कतारने सोडला. 2015मध्ये न उचललेला माल उरलेल्या वर्षांत उचलायचा ठरले. बदल्यात भारताने वर्षाला आणखी 10 लाख टन घेण्याचे कबूल केले. विक्रेत्याला खप वाढवून मिळाला, खरेदीदाराला भाव मिळाला. कोणी न्यायालयाची पायरी चढले नाही.

त्यानंतरच्या संकटांत या नव्या सूत्राचा कस लागला. 2017मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. भारताची जहाजे येत राहिली. मार्च 2020मध्ये टाळेबंदीने कारखाने थांबले तेव्हा पाळी उलटली आणि माल उतरवून घेणे अशक्य असल्याची नोटीस पेट्रोनेटलाच धाडावी लागली. 2022मध्ये युक्रेनयुद्ध पेटल्यावर आशियात तात्काळ सौद्यांचा भाव 70 डॉलरांपलीकडे गेला. गेलचा रशियन कंपनीच्या सिंगापूर शाखेशी वीस वर्षांचा करार होता. मूळ मालकी जर्मन सरकारच्या ताब्यात गेल्यावर तो पुरवठा तुटला. दहेजला कतारचा वायू त्याच काळात बाजारभावाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात येत होता.

मूळ मुदत 2028मध्ये संपणार. चौथे लेखन झाले गोव्यात. 6 फेब्रुवारी 2024 रोजी दक्षिण गोव्यातल्या बेतुल इथे ओएनजीसीच्या संस्थेत भरलेल्या ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये पेट्रोनेट आणि कतारएनर्जी यांनी वर्षाला त्याच 75 लाख टनांचा करार 2028 ते 2048 अशा वीस वर्षांसाठी केला. रासगॅस हे नाव तोवर इतिहासजमा झाले होते. 2018मध्ये ती कतारगॅसमध्ये विलीन झाली आणि कतारगॅसचेही 2023मध्ये नामांतर झाले. कतारचे ऊर्जामंत्री साद शेरिदा अल काबी यांना नॉर्थ फील्डच्या विस्तारातून येणाऱ्या कोट्यवधी टनांसाठी दीर्घ मुदतीची गिऱ्हाइके हवीच होती. चीनशी त्यांनी 27 वर्षांचे करार केले होते. जुने गिऱ्हाईक हातचे जाऊ देण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे भाव आणखी खाली आला.

दोन अटी मात्र घरातल्या हिशेबाला हात घालणाऱ्या आहेत. पहिली वाहतुकीची. आजवर माल रास लफानच्या धक्क्यावर भारताचा व्हायचा आणि आणायची जबाबदारी पेट्रोनेटची होती. 2028पासून कतार स्वतःच्या जहाजांनी माल दहेजला पोचता करणार. दिशा, राही आणि असीम यांची दोन दशकांची फेरी त्यामुळे संपुष्टात येईल, आणि शिपिंग कॉर्पोरेशनला या कौशल्यासाठी दुसरे काम शोधावे लागेल.

दुसरी अट वायूच्या घडणीची आहे आणि ती अधिक टोचणारी. कतारचा वायू आजवर ‘श्रीमंत’ यायचा, म्हणजे मिथेनबरोबर त्यात इथेन आणि प्रोपेनही भरपूर. ओएनजीसीने दहेजला खास संयंत्र बांधून हे घटक वेगळे काढले आणि शेजारच्या ‘ओपाल’ या पेट्रोरसायन प्रकल्पाला पुरवले. तो सारा डोलारा या मिश्रणावर उभा आहे. 2028पासून कतार हे घटक स्वतःकडे ठेवून कोरडा वायू धाडणार. त्यामुळे ओएनजीसीने इथेन परदेशातून वेगळ्या जहाजांनी आणण्याची तयारी सुरू केली असून, त्या जहाजांसाठी पुन्हा एका जपानी कंपनीशी, मित्सुई ओएसके लाइन्सशी, भागीदारी केली आहे. दिशाच्या मालकांतही ती होती.